पाठीवरचे पाठ

'दप्तर' हा शब्द मराठीत फारसीतून आला. इतिहासाच्या विद्यार्थिनीला तो ऐकला की प्रथम पुण्याचे पेशवे दप्तर आठवते. कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, ओळीने लावलेले, जागच्या जागी. ते पाहायचे असेल तर आपल्याला तेथवर जावे लागते. दप्तर आपल्याकडे येत नाही. शाळेच्या दप्तराची तऱ्हा उलटी आहे. ते रोज सकाळी मुलाच्या पाठीवर बसून शाळेत जाते आणि संध्याकाळी, पुष्कळदा निम्मे न उघडताच, पुन्हा पाठीवर बसून घरी येते. मराठीने यात आणखी एक गंमत करून ठेवली आहे. जो शिकायचा तो 'पाठ', आणि ज्यावर वाहायचा तीही 'पाठ'. या लेखात पहिल्या पाठाविषयी फारसे काही नाही. दुसरीवर वजन पडले की मुलाच्या चालण्यात काय काय बदलते, एवढेच मला सांगायचे आहे.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात गुरुत्वमध्य आणि मणके कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा प्रश्न देशाच्या संसदेत मांडून गाजवला तो एका कादंबरीकाराने. 'स्वामी अँड फ्रेंड्स' (१९३५) लिहिणारे आर. के. नारायण हे राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. १९८९ साली तेथे त्यांनी आपले पहिले भाषण केले, ते साहित्यावर नव्हे, लेखकांच्या मानधनावर नव्हे, तर शाळकरी मुलांच्या दप्तरावर. या रोजच्या ओझ्याने मुलांना पोक येते आणि ती चिंपांझीसारखे हात पुढे लोंबते ठेवून चालू लागतात, अशा आशयाचे ते बोलले. काही मुलांच्या कण्याला गंभीर इजा झाल्याचे आपल्याला ठाऊक आहे, असेही त्यांनी सांगितले. नीट पाहिले तर या बोलण्यात दोन निरनिराळी विधाने आहेत. एक चालीविषयीचे, दुसरे कण्याविषयीचे. लोक ती दोन्ही एकाच दमात बोलतात. त्यांतले पहिले पुढे झालेल्या मोजमापांत पुष्कळसे खरे ठरले. दुसऱ्याचे काय झाले, ते ओघाने येईलच.

चालणे ही इतकी रोजची गोष्ट आहे की आपण तिच्याकडे कधी पाहतच नाही. जागेवरून एक पाऊल पुढे टाकून बघा. शरीर किंचित पुढे झुकते, म्हणजे खरे तर पडू लागते, आणि ते पडण्याआधी पाय पुढे येऊन त्याला झेलतो. एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळाला चालीचे एक आवर्तन धरतात. त्यातला सुमारे शेकडा ६० काळ तो पाय जमिनीवर असतो आणि शेकडा ४० हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले असण्याचा काळ, दोन तुकडे मिळून, शेकडा २० च्या आसपास भरतो. धावताना तो उरतच नाही. तेव्हा चालणारा माणूस किती निर्धास्त आहे हे ओळखायचे, तर त्याचे दोन्ही पाय मिळून किती वेळ जमिनीवर राहतात ते पाहावे. नदीच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरणारा मनुष्य दोन्ही पाय जास्त वेळ टेकवतो. ते त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

वरच्या अंगाचेही काम असते. कंबर एका बाजूला वळते तेव्हा खांदे उलट बाजूला वळतात. डावा पाय पुढे, तर उजवा हात पुढे. हात हलवीत चालणे ही केवळ ऐट नव्हे. पाय पुढे फेकताना धड जे वळू पाहते, त्याला हा उलटा हात आवरून धरतो. दोन्ही हात बगलेशी घट्ट आवळून भराभर चालून पाहिले म्हणजे हे लगेच कळते.

लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. नवजात मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या पावपट असते, मोठ्या माणसाचे सुमारे एक-अष्टमांश. वाढीच्या वयात हे प्रमाण हळूहळू बदलत जाते. तोवर डोके मोठे आणि पाय आखूड असल्यामुळे मुलाचा गुरुत्वमध्य उंचीच्या मानाने मोठ्यांपेक्षा वर असतो, आणि वरून जड असलेली वस्तू लवकर कलंडते हे आपण जाणतोच. मुलांची पावले आखूड आणि भराभर पडतात. वय वाढते तसे पाऊल लांबते आणि दर मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या उतरते. अमेरिकेतील सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाची चाल प्रौढ वळणाची होण्याचे वय त्यांनी साधारण तीन वर्षे असे दिले आहे. आपल्याकडे मूल सहाव्या वर्षी पहिलीत बसते. म्हणजे चालीला प्रौढ वळण लागून फार वर्षे झालेली नसतात, तोच दप्तर पाठीवर चढते.

आता थोडा हिशोब करू. मूल २० किलोचे आणि दप्तर ४ किलोचे आहे, आणि दप्तराचे वजन शरीराच्या मध्यरेषेच्या १५ सेंटिमीटर मागे आहे, असे धरा. चाराला पंधराने गुणून एकूण २४ किलोंनी भागले की अडीच येतात. म्हणजे मूल आणि दप्तर यांचा मिळून जो गुरुत्वमध्य, तो अडीच सेंटिमीटर मागे सरकला. अडीच सेंटिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण आपल्याच पावलाकडे पाहा. घोट्याच्या पुढे पाऊल लांबलचक, मागे टाचेचा आखूड तुकडा तेवढा. तोल पुढे गेला तर चवडा आणि बोटे सावरून घेतात. मागे गेला तर सावरायला फारशी जागाच नाही. अशा वेळी मागे पडू नये म्हणून शरीराला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे स्वतः पुढे वाकण्याचा. हे वाकणे आळसाचे नव्हे की वाईट सवयीचे नव्हे. "पोक काढू नकोस, ताठ चाल" म्हणून रस्त्यात मुलांना दटावणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे. चार किलो पाठीवर असताना ते मूल आज्ञाधारकपणे खरोखरच ताठ झाले, तर त्याचा तोल मागे जाऊ लागेल.

एकदा धड वाकले की पुढच्या गोष्टी साखळीने येतात. धड वाकल्यामुळे नजर जमिनीकडे लागते. रस्ता तर दिसायला हवा, म्हणून मान पुढे निघते आणि हनुवटी वर उचलली जाते; पाठीवर घर घेतलेल्या कासवाची असते तशी. डोके आपल्या आधारावरून असे पुढे सरकले की मानेमागच्या स्नायूंना ते सारखे ताणून धरावे लागते. पट्टे खांद्यांत रुततात, म्हणून मूल दोन्ही अंगठे पट्ट्यांखाली घालून ते पुढे ओढून धरते. (नारायण यांना हात लोंबते दिसले. आमच्या गल्लीतली मुले मला बहुधा पट्टे धरलेली दिसतात.) हात असे अडकले की त्यांचे हलणे संपले. धडावर बोजा बांधलेला असल्यामुळे खांद्यांचे आणि कमरेचे ते उलटसुलट वळणेही कमी होते. कंबर कमी वळते म्हणून पाऊल आखूड पडते. आणि एवढे सगळे सांभाळायचे तर दोन्ही पाय जमिनीवर जास्त वेळ ठेवणे भाग पडते. कोरड्या, सपाट रस्त्यावर ते मूल शेवाळलेल्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखे चालू लागते.

दप्तर एकाच खांद्याला लटकवले तर वाकणे पुढे होत नाही, बाजूला होते. ज्या खांद्यावर पट्टा, तो खांदा वर उचलला जातो आणि अंग दुसरीकडे झुकते. एका काळी महाविद्यालयीन मंडळींच्या खांद्याला शबनम पिशवी असे, तिने असेच होई. पण तिच्यात एखादी वही आणि एखादे कवितेचे पुस्तक, यापलीकडे फारसे काही नसे म्हणून निभावले.

ओझ्याखालच्या चालीचे शास्त्र मुळात मुलांसाठी जन्मलेच नाही, ते शिपायांसाठी जन्मले. जर्मनीत लायप्झिग येथे विल्हेल्म ब्राउन या शरीररचनाशास्त्रज्ञाने आणि ओटो फिशर या गणितज्ञाने १८८९ साली माणसाच्या गुरुत्वमध्याविषयी ग्रंथ लिहिला, तो पायदळातील शिपायाची साधनसामग्री समोर ठेवून. पुढे त्यांनी अंधाऱ्या खोलीत माणसाच्या अवयवांना प्रकाशनळ्या बांधून त्याच्या चालण्याची छायाचित्रे घेतली. एकदा मोकळे चालताना आणि एकदा शिपायाचा सारा बोजा अंगावर घालून. ब्राउन १८९२ साली वारले. त्या प्रयोगांचा पहिला भाग १८९५ साली प्रसिद्ध झाला. शिपाई किती वाहू शकेल याची चिंता सरकारांना फार लवकर पडली. पाठीवर पुस्तके वाहणाऱ्या मुलाची चाल कोणी काटेकोर मोजावी, याला मात्र पुढे जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

त्या मोजमापांतली दोन सांगण्यासारखी आहेत. अमेरिकेत पॅस्को आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ११ ते १३ वर्षांच्या मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची दप्तरे सरासरीने शरीराच्या वजनाच्या शेकडा १७ भरली. दप्तर घेतल्यावर त्यांची पावले आखूड झाली आणि अधिक भराभर पडू लागली. दुसरे काम हाँगकाँगच्या हाँग यांचे, २००० सालचे. त्यांनी दहा वर्षांच्या मुलांना फिरत्या पट्ट्यावर चालवले. आधी मोकळे, मग शरीरवजनाच्या शेकडा १०, १५ आणि २० इतके ओझे देऊन. पंधराला धडाचे पुढे झुकणे स्पष्टपणे वाढले. विसाला झुकणे तर वाढलेच, शिवाय दोन्ही पाय टेकलेले असण्याचा काळ वाढला, पाय हवेत असण्याचा काळ घटला आणि धडाची हालचाल आखडली. दहाला असे ठळक काही दिसले नाही. निरनिराळ्या नियमांत जी 'शरीराच्या वजनाच्या १० टक्के' ही मर्यादा वारंवार आढळते, तिला अशा निरीक्षणांचा आधार आहे. दहाच्या अलीकडे सगळे कुशल आणि पलीकडे अपाय, असा काही तो दगडावरचा शिलालेख नव्हे. पण कोठेतरी रेघ ओढायची तर ती तेथे ओढणे शहाणपणाचे आहे.

येथे कोणी म्हणेल, आपल्या बायका डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन कोसभर ताठ चालत आल्या, त्यांना कोणते शास्त्र आडवे आले? प्रश्न रास्त आहे. उत्तर ओझ्याच्या जागेत आहे. डोक्यावरचे वजन शरीराच्या उभ्या रेषेतच पडते. गुरुत्वमध्य वर जातो, पण मागे जात नाही, म्हणून वाकावे लागत नाही. केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांवर झालेले एक संशोधन १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात आले होते. आपल्या वजनाच्या शेकडा २० पर्यंतचे ओझे या स्त्रिया जादा शक्ती खर्च न करता वाहून नेतात, असे त्यात आढळले. ती कला मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने येते. आणि तिचे कौतुक करणाऱ्याने आधी स्वतः एक हंडा उचलून पाहावा. ओझ्याला मर्यादा असावी हे तत्त्व मोठ्यांच्या बाबतीत जगाने केव्हाच मान्य केले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल ५५ किलो सांगितली. आपल्या राज्यात माथाडी-हमालांच्या कल्याणाचा कायदा १९६९ सालचा आहे.

हे सगळे वाचल्यावर स्वस्थ बसवेना. माझी एक भाची आमच्याकडे राहून तिसरीत शिकते. शाळेचे नाव सांगत नाही. तिला आणि तिच्या दप्तराला घेऊन मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले आणि पोती तोलायच्या काट्यावर दोघांना निरनिराळे ठेवले. भाची २२ किलो. दप्तर ४ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे शेकडा साडेएकोणीस. मग दप्तर रिकामे करून एकेक वस्तू तोलली; दुकानदारालाही तोवर गोडी लागली होती. रिकामे दप्तर ७०० ग्रॅम (त्यावर जाड रबराचे एक कार्टून चिकटवलेले आहे), पाण्याची भरलेली बाटली १ किलो १०० ग्रॅम, डबा ४०० ग्रॅम. पुस्तके, वह्या, स्वाध्यायपुस्तिका, चित्रकलेची वही आणि कंपासपेटी मिळून २ किलो १०० ग्रॅम. आता गंमत पाहा. २२ किलोच्या मुलीला दहा टक्क्यांच्या नियमाने २ किलो २०० ग्रॅम ओझे चालेल. रिकामे दप्तर, बाटली आणि डबा मिळून २ किलो २०० ग्रॅमच होतात. पहिले पुस्तक आत जाण्यापूर्वीच मर्यादा संपली!

दुसऱ्या दिवशी घराच्या फाटकापासून रस्त्यावरच्या वडापर्यंत तिची पावले मोजली. दप्तर नसताना ११८ भरली, दप्तर घेऊन १३१. मोजते आहे हे कळताच, "मावशी, मग मी मोठी मोठी पावले टाकू का?" असे तिने विचारले, म्हणून ती मोजणी रद्द करून पुन्हा, तिला गोष्ट सांगत सांगत, मनातल्या मनात मोजावे लागले. एका मुलीची एका सकाळची पावले म्हणजे शास्त्र नव्हे, हे मी जाणते. पण १३ पावले जास्त पडली ती डोळ्यांसमोर पडली, आणि जाताना एरवी वडापर्यंत तीन उड्या मारणारी ही मुलगी दप्तर असताना एकदाही उडाली नाही.

या तोलण्यातून एक गोष्ट मला विशेष जाणवली, आणि ती फारशी कोणी बोलत नाही. दप्तर भरले जाते ते इयत्ता पाहून, अंग पाहून नव्हे. तिसरीतल्या सर्वांना पुस्तके तीच, वह्या तेवढ्याच. तेच ४ किलो ३०० ग्रॅम २८ किलोच्या धट्ट्याकट्ट्या मुलाला शेकडा १५ पडतात आणि १८ किलोच्या किरकोळ मुलीला शेकडा २४. वर्गातले जे मूल सर्वांत अशक्त, पोटाला सर्वांत कमी मिळणारे, त्याच्या चालीवर एकाच दप्तराचा परिणाम सर्वांत जास्त. त्यात अंतर मिळवा. राज्याच्या शिक्षणहक्क नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. अर्ध्या मीटरचे पाऊल धरले तर तीन किलोमीटरला ६ हजार पावले, जाऊन-येऊन १२ हजार. ज्याला दारात रिक्षा किंवा बस येते त्याचे दप्तर फाटकापर्यंतचे. ज्याला पायी जायचे आहे त्याचे तेच दप्तर बांधावरून, चढणीवरून, ओढ्यातून. म्हणून माझ्या मते दप्तर नुसते किलोंत मोजून भागत नाही, किलोंना किलोमीटरांनी गुणावे लागते.

आता कण्याचा प्रश्न. जड दप्तराने पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, हे वाक्य पालकसभांतून ठामपणे ऐकू येते. याविषयी उपलब्ध पुरावा काय सांगतो? अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ११ वर्षांच्या आठ मुलांना ४, ८ आणि १२ किलोंची दप्तरे देऊन, उभ्याने, एम.आर.आय. यंत्रात त्यांच्या कमरेच्या मणक्यांची चित्रे घेतली. मणक्यांमधल्या गाद्या ओझ्याबरोबर दबत गेल्या, काहींचा कणा बाजूलाही झुकला. हे त्या क्षणाचे चित्र आहे, ओझे असतानाचे. ओझे उतरल्यावर, वर्षानुवर्षांनी, पाठ खरोखर बिघडते का हा वेगळा प्रश्न आहे. २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमधील संशोधकांनी ६९ अभ्यास, म्हणजे ७२ हजारांवर मुले, एकत्र तपासली. दप्तरामुळे मुलांना पाठदुखी जडण्याचा धोका वाढतो, असे खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. नारायण यांच्या दोन विधानांतले दुसरे असे अधांतरीच राहते.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल तर मी त्याच्याशी सहमत नाही. कुबड येण्याची भीती घातल्याशिवाय आपल्याला मुलाचे ओझे उतरवावेसे वाटत नाही, हीच मला मोठी विचित्र गोष्ट वाटते. मुलाचे पाऊल आज आखूड पडते, त्याची मान आज पुढे निघते, त्याच्या उड्या आज बंद होतात. एवढे पुरेसे नाही का? हमालाच्या पोत्याला मर्यादा हवी असे म्हणताना आपण त्याच्या मणक्याचे चित्र मागत नाही.

सरकारदरबारी या प्रश्नाचा प्रवास लांबचा आहे. नारायण यांच्या भाषणानंतर १९९२ साली केंद्र सरकारने भौतिकशास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 'ओझ्याविना शिक्षण' या अर्थाच्या नावाचा तिचा अहवाल १९९३ साली आला. दप्तराच्या ओझ्यापेक्षा न कळण्याचे ओझे अधिक घातक आहे, हा त्यातला विचार पुढे फार गाजला. तो खराच आहे. पण त्याचा एक दुष्परिणामही झाला असे मला वाटते. तेव्हापासून परिसंवादांत जो तो मनावरच्या ओझ्याविषयी बोलू लागला, आणि खांद्यावरचे किलो हा विषय जरा खालच्या दर्जाचा ठरला.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या निमित्ताने २१ जुलै २०१५ रोजी शासन निर्णय निघाला आणि दप्तर शरीरवजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावे असे ठरले. ठरले म्हणजे झाले असे नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी सरळ पत्रकार परिषद घेतली. आठ विषयांची सोळा पुस्तके-वह्या, पाच ते सात किलोंचे दप्तर आणि तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग, अशी त्यांची तक्रार होती. मोठ्यांच्या समित्यांनी वापरलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला हा तिसरा मजला जास्त बोलका वाटतो. जिना चढताना एकेका पायावर सारे वजन घेऊन ते वर उचलावे लागते, सपाटीवरचा हिशोब तेथे चालत नाही. आणि बारा वर्षांच्या मुलांना ते बरोबर कळले होते.

केंद्राचे दप्तरविषयक धोरण २०२० साली आले. पूर्वप्राथमिकला दप्तरच नको, पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो, अशा मर्यादा त्यात आहेत आणि शाळेत वजनकाटा ठेवावा असेही म्हटले आहे. आपल्या राज्याने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके चार भागांत विभागून, धड्यांमागे कोरी पाने जोडून दिली. म्हणजे एका वेळी एकच भाग न्यायचा आणि वहीची गरज कमी. कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात कोरी पाने पुस्तकात आणि वह्या दप्तरात, अशी दोन्ही वजने मुलाकडेच राहिली, आणि २०२५ साली कोऱ्या पानांची योजना शासनाने मागे घेतली.

दप्तर कसे घालावे याचे नियम थोडक्यात सांगता येतात. दोन्ही पट्टे खांद्यावर, पट्टे आवळलेले, दप्तर कमरेखाली न लोंबणारे, जड पुस्तके पाठीला चिकटून. वजन पाठीजवळ आले की वरच्या हिशोबातले ते १५ सेंटिमीटर कमी होतात, आणि वाकणेही. चाकांच्या दप्तराविषयी न बोललेले बरे. आपल्या रस्त्यांवर आणि जिन्यांवर ते शेवटी उचलूनच घ्यावे लागते.

पण खरी किल्ली दप्तरात नाही, वेळापत्रकात आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली पुढे बी.एड. करणार म्हणतात, म्हणून हे लिहिते. दिवसाला सात विषयांच्या सात तासिका ठेवण्याऐवजी चार विषयांच्या सलग तासिका ठेवल्या तर तीन विषयांची पुस्तके-वह्या त्या दिवशी घरी राहतात. भाचीच्या वर्गशिक्षिकेशी मी बोलले. त्या आधी हसल्या, मग त्यांनी स्वतःच मुख्याध्यापकांकडे विषय काढला. दिवाळीनंतर त्या वर्गाला सलग तासिका सुरू झाल्या आणि शाळेतली पाण्याची टाकी घासून घेतल्यावर मुले अर्ध्या लिटरची बाटली आणू लागली. गेल्या आठवड्यात मी दप्तर पुन्हा त्याच दुकानातल्या काट्यावर ठेवले. पुस्तके-वह्यांचे ७०० ग्रॅम आणि पाण्याचे ५०० ग्रॅम उतरले होते. काटा ३ किलो १०० ग्रॅमवर थांबला. दहा टक्क्यांना अजून ९०० ग्रॅम जास्त आहेत. त्यांतले ७०० रिकाम्या दप्तराचेच भरतात, आणि ते रबराचे कार्टून काढू द्यायला भाची तूर्त तयार नाही.